साताऱ्यात नवीन आहात? डोंगर पेटल्यानंतरची सकाळ कशी सांभाळायची

साताऱ्यात राहायला आल्यावर पहिल्याच उन्हाळ्यात हे दृश्य दिसतं. रात्री आठ-नऊला गच्चीवर जावं, तर यवतेश्वरच्या किंवा अजिंक्यताऱ्याच्या अंगावर एक केशरी रेघ हळूहळू सरकत असते. आम्ही शाहूपुरीत राहायला आलो त्या मार्चमध्ये मुलांनी ती बघून टाळ्या वाजवल्या होत्या. उकाडा होता, म्हणून सगळ्या खिडक्या सताड उघड्या टाकून झोपलो. पहाटे साडेपाचला सासऱ्यांच्या खोकल्यानं जाग आली. आबा पलंगाच्या कडेवर दोन्ही हात टेकून बसले होते, तीन शब्द बोलले की दम तुटत होता, आणि खोलीत चुलीपुढं बसल्यासारखा वास होता. डोंगरावरचा जाळ तोवर विझून गेला होता.

त्या सकाळी जे कळलं ते असं: आग रात्री वर दिसते, त्रास सकाळी खाली होतो. या दोन्हींच्या मध्ये सात-आठ तास मिळतात. ते कसे वापरायचे, हे नव्यानं आलेल्या माणसाला कुणी सांगत नाही. जुन्या लोकांना वाटतं की हे सगळ्यांना माहीतच असतं. पुण्या-मुंबईहून बदलीवर आलेल्यांना, इथं शिकायला आलेल्या मुलांना आणि निवृत्तीनंतर ‘साताऱ्याची हवा चांगली’ म्हणून घर घेतलेल्यांना उपयोगी पडावं म्हणून हे लिहिते आहे. हवा खरोखर चांगली आहे. पण उन्हाळ्यातल्या काही सकाळी ती चांगली नसते, आणि त्या सकाळी ओळखता यायला हव्यात.

आधी समजून घ्या: कधी, कुठं आणि का पेटतं

वनविभागाचा वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत पिवळं पडतं, फेब्रुवारीत ते कुरकुरीत वाळतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये एक काडी पुरते. आपल्याकडचे वणवे आपोआप लागत नाहीत, जवळजवळ सगळे माणसाच्या हातून लागतात. कुणी बिडी-सिगारेट फेकतं, कुणी बांध पेटवतं आणि वारं फिरतं. मध काढायला केलेला धूर रानात सुटतो, सहलीला आलेले लोक चूल न विझवता निघून जातात. शिवाय ‘गवत जाळलं की पुढच्या वर्षी दांडगं येतं’ ही समजूत अजून गेलेली नाही. राखेमुळं पहिल्या पावसात डोंगर हिरवागार दिसतो हे खरं, पण गवताचं बी, जमिनीवर घरटं करणारे लावे-टिटव्या, आणि मातीला धरून ठेवणारा पाला हे सगळं त्यात जातं. उघडी पडलेली माती मग पावसाबरोबर ओढ्यात उतरते.

पश्चिमेकडं, म्हणजे जावळी, महाबळेश्वर, पाटणच्या भातपट्ट्यात, आणखी एक धूर असतो. तो राबाचा. भाताचं रोप टाकायच्या जागेवर पालापाचोळा, शेण, फांद्या पसरून ती जमीन भाजतात. ही जुनी पद्धत आहे आणि ती वणवा नव्हे. पण तिच्यातली ठिणगी शेजारच्या रानात गेली तर वणवाच होतो.

पूर्वेला आणि दक्षिणेला, कराडपासून खाली सांगली जिल्ह्यातल्या वाळवा-पलूस-मिरजेपर्यंत, धुराचं गणित वेगळं आहे. तिथं उसाचं पाचट जळतं. ऊस तुटून गेला की फडात हेक्टरी आठ ते दहा टन पाचट राहतं, आणि गळीत हंगामाच्या महिन्यांत, साधारण नोव्हेंबर ते मार्च, संध्याकाळी ते पेटवलं जातं. तुम्ही सांगलीकडं राहत असाल तर तुमचा हंगाम साताऱ्याच्या आधीच सुरू होतो, आणि धूर डोंगरावरून न येता शेजारच्या शिवारातून येतो. वाळत घातलेल्या कपड्यांवर काळ्या, हलक्या, बोट लावलं की पसरणाऱ्या काड्या दिसल्या तर ते पाचट. पुढं जे सांगते ते त्या धुरालाही तसंच लागू आहे, फक्त बघायची दिशा बदला.

धूर खाली का उतरतो

हा भाग नीट वाचा, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

दिवसा ऊन पडतं, डोंगराचे उतार तापतात, आणि वारं दरीतून वर चढतं. त्या वेळी लागलेल्या आगीचा धूर वर जाऊन पांगतो. सूर्य मावळला की उलटं होतं. उताराची जमीन झपाट्यानं थंड होते, तिच्याजवळची हवा गार आणि जड होते आणि पाण्यासारखी घसरत खाली येते. संध्याकाळी बोगद्यापाशी उभं राहिलं की डोंगराकडून येणारी ती गार झुळूक जाणवते. ती झुळूक आपल्याबरोबर धूर आणते.

खाली आल्यावर ती हवा तळाशी साचते. तिच्यावर जरा उबदार हवेचा थर बसतो, पातेल्यावर झाकण बसावं तसा. सातारा शहर एका बाजूला अजिंक्यतारा, दुसऱ्या बाजूला यवतेश्वरची डोंगररांग आणि पुढं कृष्णा-वेण्णेचं खोरं अशा जागेत वसलं आहे. वेण्णेकाठी मेढ्याकडं किंवा उरमोडीच्या खोऱ्यात परळीकडं लागलेल्या आगीचा धूरही रात्रभर खोऱ्याखोऱ्यानं सरकतो. झाकण सर्वात घट्ट असतं ते पहाटे चार ते सकाळी आठच्या दरम्यान. ऊन वर आलं, जमीन तापली की साडेनऊ-दहाच्या सुमारास ते उचलतं, आणि दहा वाजता घराबाहेर पडलेल्या माणसाला आपण कशाबद्दल बोलतोय तेच कळत नाही.

गवताच्या आगीबद्दल एक गैरसमज काढून टाका. ‘गवतच तर आहे, भुर्रकन जळून जातं’ असं लोक म्हणतात. ज्वाळा भुर्रकन जातात हे खरं. पण मागं धुमसत राहतात ते बुंधे, सुकं शेण, झुडपांची खोडं, कुजका पाला. ज्वाळेपेक्षा धुमसणारी आग तेवढ्याच जळणातून जास्त धूर करते, आणि तिला उष्णता कमी असल्यामुळं तिचा धूर वर न जाता जमिनीलगत राहतो.

जून २०२३ मध्ये कॅनडातल्या क्विबेक प्रांतातल्या वणव्यांचा धूर शेकडो किलोमीटर दूरच्या न्यूयॉर्कवर आला आणि तिथलं आकाश नारिंगी झालं, ती छायाचित्रं तुम्ही पाहिली असतील. तिथं मोठमोठी जंगलं आठवडेच्या आठवडे जळत होती आणि धूर उंच जाऊन वाऱ्यावर लांबवर गेला. आपला धूर त्या मानानं थोडा, जवळचा आणि काही तासांचा. म्हणून तिकडचे सल्ले, म्हणजे दिवसेंदिवस दार बंद करून बसणं वगैरे, इथं जसेच्या तसे लागू होत नाहीत. आपल्याला सांभाळायची असते ती रात्र आणि सकाळ.

पहिलं काम: संध्याकाळी डोंगराकडं बघा

फेब्रुवारीपासून पहिल्या वळवाच्या पावसापर्यंत रोज रात्री झोपण्याआधी एकदा गच्चीवर किंवा रस्त्यावर या आणि चारी बाजूंनी डोंगर बघा. दोन मिनिटांचं काम आहे.

जाळ दिसला तर तीन गोष्टी ठरवा. आग तुमच्या घराच्या वरच्या उतारावर आहे की पलीकडच्या खोऱ्यात? रेघ सरकतेय की एका जागी लाल ठिपके राहिलेत? आणि वारं कुठून येतंय? वारं कळायला दोरीवरचा टॉवेल पुरतो. वरच्या उतारावर, धुमसणारे ठिपके, आणि वारं पडलेलं, असं असेल तर सकाळ वाईट जाणार असं धरून चाला.

मोबाइलवर उपग्रहाचे आगीचे नकाशे मिळतात. डेहराडूनची भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था उपग्रहाच्या आधारे वणव्याच्या सूचना काढते, आणि नासाच्या नकाशावरही आगीचे लाल ठिपके दिसतात. ते बघायला चांगले आहेत, पण त्यांच्यावर विसंबू नका. ज्या उपग्रहांकडून हे ठिपके येतात त्यातले मुख्य उपग्रह आपल्यावरून जातात ते दुपारी दीड आणि रात्री दीडच्या आसपास. संध्याकाळी सातला लागून अकराला विझलेली गवताची आग दोन्ही फेऱ्यांच्या मधल्या वेळात निसटते. शिवाय तो ठिपका म्हणजे जवळपास पावणेचारशे मीटर लांब-रुंद चौकोन असतो, तुमच्या कॉलनीच्या मागची आग त्यात नेमकी कुठं ते कळत नाही. तुमचे डोळे इथं उपग्रहापेक्षा कामाचे आहेत.

दुसरं काम: फोन करा

जाळ वनक्षेत्रात दिसला तर वनविभागाचा टोल-फ्री क्रमांक १९२६. वस्तीजवळ असेल तर अग्निशमनचा १०१ किंवा ११२. ‘डोंगराला आग लागलीय’ एवढं सांगून उपयोग नाही. कुठल्या डोंगराची कुठली बाजू, जवळचं देऊळ, वाडी, टॉवर किंवा वळण, आणि आग वर सरकतेय की खाली, हे सांगा. ‘कुणीतरी केला असेल फोन’ असं म्हणून गप्प बसू नका. सगळेच तसं म्हणतात.

आग विझवायला स्वतः चढू नका. वनविभागाची माणसं आणि अनुभवी स्वयंसेवक ओल्या डहाळ्यांनी झोडून, ब्लोअरनं पाला बाजूला सारून, जाळरेषा (आग पुढं जाऊ नये म्हणून गवत-पाला काढून मोकळी केलेली पट्टी) धरून काम करतात. ते शिकून करायचं काम आहे. आग चढावर जोरात धावते. उतार दर दहा अंशांनी वाढला की तिचा वेग साधारण दुप्पट होतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ अजिंक्यताऱ्यावर किंवा चार भिंतींकडं फिरायला जाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: खाली आग दिसली तर वर पळायचं नाही. आडवं जाऊन डांबरी रस्ता, उघडा कातळ किंवा आधीच जळून काळी पडलेली जागा गाठायची.

तिसरं काम: आकडा वाचायला शिका

धुरात डोळे चुरचुरवणारे वायू असतात, कार्बन मोनॉक्साइड असतो, पण लांबवर आलेल्या धुरात सर्वात त्रासदायक ते बारीक कण. त्यांना पीएम २.५ म्हणतात, म्हणजे अडीच मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान. माणसाचा केस साधारण पन्नास ते सत्तर मायक्रोमीटर जाड असतो, त्यावरून अंदाज करा. नाकातले केस आणि घशातला चिकटा यांना चुकवून हे कण फुफ्फुसाच्या तळापर्यंत जातात.

आपल्या देशात २०१५ पासून हवेचा राष्ट्रीय निर्देशांक आहे, ज्याला सगळे एक्यूआय म्हणतात. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत अतिशय वाईट, त्यापुढं गंभीर. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या ॲपवर तो बघता येतो.

आता यातली मेख. हा निर्देशांक पीएम २.५ साठी चोवीस तासांच्या सरासरीवर काढतात. आपला धूर चार तासांचा. एक हिशेब मांडून बघा. समजा पहाटे चार ते आठ हवेत घनमीटरमागे २०० मायक्रोग्रॅम कण होते आणि उरलेले वीस तास ३०. सरासरी येते ५८. आपलं चोवीस तासांचं राष्ट्रीय मानक ६० आहे, म्हणजे दिवस पास झाला, वर्गवारी ‘समाधानकारक’. पण ज्या चार तासांत आबा श्वासासाठी धडपडत होते, तेव्हा हवा तिप्पट वाईट होती. म्हणून ॲपमध्ये दिवसाचा आकडा बघू नका. तासाचा आकडा किंवा तासागणिक आलेख मिळतो का ते शोधा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची चोवीस तासांची मर्यादा तर फक्त १५ आहे, हेही माहीत असू द्या.

दुसरी मेख अशी की, मोबाइलवर ‘सातारा’ नावापुढं दिसणारा आकडा कुठून आला ते बघा. त्या ठिकाणावर बोट ठेवलं की केंद्राचं नाव येतं. केंद्र पन्नास-शंभर किलोमीटरवरच्या दुसऱ्या शहरातलं असेल किंवा आकडा संगणकानं अंदाजानं काढलेला असेल, तर तुमच्या मागच्या डोंगराचा धूर त्यात नाही. सांगली केंद्र सरकारच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातल्या शहरांच्या यादीत आहे. सातारा त्या यादीत नाही. याचा अर्थ साताऱ्याची प्रत्येक सकाळ स्वच्छ असते असा नव्हे.

घरी ठेवायची छोटी मोजणी यंत्रं मिळतात. आमच्याकडं एक आहे आणि ते उपयोगी पडतं. पण हवेत दमटपणा खूप असला, धुकं असलं, की ती पाण्याच्या थेंबांनाच कण समजून आकडा फुगवतात. त्यामुळं आकड्यापेक्षा चढ-उतार बघा. रात्री दहाला २५, पहाटे पाचला १४०, तर काय झालं ते उघड आहे.

यंत्र नसेल तर डोंगर वापरा. मोबाइलच्या नकाशावर तुमच्या गच्चीपासून दिसणाऱ्या ओळखीच्या खुणांचं सरळ अंतर मोजून कागदावर लिहा: अजिंक्यतारा, यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर. वणव्याच्या धुराची सवय असलेल्या अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांत लोकांना अंतरावरून अंदाज घ्यायला शिकवतात. आपल्या मापात सांगायचं तर आठ किलोमीटरवरचं दिसेनासं झालं तर लहान मुलं, म्हातारी माणसं, गरोदर बाया आणि दम्याचे-हृदयाचे रुग्ण यांनी आत राहावं. पाच किलोमीटरवरचंही दिसत नसेल तर सगळ्यांनीच. हे कोरड्या हवेतच चालतं. धुक्याच्या दिवशी नाही. धुकं पांढरं, ओलं आणि बिनवासाचं असतं. धूर करडा किंवा पिवळट, कोरडा, आणि उगवता सूर्य त्यातून तांबूस दिसतो. नाकावर मात्र फार भरवसा ठेवू नका. अर्ध्या तासात नाकाला वासाची सवय होते.

चौथं काम: एक खोली राखा

अख्खं घर धुरापासून वाचवता येत नाही. आपल्या खिडक्यांना फटी असतात, दाराखालून बोट जातं, जुन्या घरांना तर कौलंच असतात. म्हणून एकच खोली निवडा. डोंगराच्या विरुद्ध बाजूची, कमी खिडक्यांची, शक्यतो संडास-बाथरूम जवळ असलेली. त्या रात्री घरातली नाजूक माणसं त्या खोलीत झोपवायची.

जाळ दिसला की झोपण्याआधी त्या खोलीच्या खिडक्या लावा. दाराखाली ओल्या टॉवेलची गुंडाळी द्या. छताचा पंखा बिनधास्त चालवा, तो आतलीच हवा फिरवतो. एक्झॉस्ट फॅन बंद ठेवा, कारण तो आतली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच धुराची हवा फटींतून आत ओढली जाते. पाण्याचा कूलर तर अजिबात नको, तो बाहेरचीच हवा आत आणतो आणि ओल्या जाळीनं धूर गाळला जात नाही. एसी असेल तर तो आतली हवा फिरवणाऱ्या स्थितीत ठेवा.

आता घरातला धूर. आपल्याकडं पहाटे उठून देवापुढं उदबत्ती, धूप लावायची पद्धत आहे. बऱ्याच घरांत अजून पाण्याचा बंब पेटतो. रात्री डासांची कॉइल जळते. धुराच्या दिवशी हे तिन्ही थांबवा. देवाला तेलाचा लहान दिवा आणि फूल पुरतं. माझ्या सासूबाईंना हे पटायला वेळ लागला, पण आबांची धाप बघितल्यावर त्यांनीच धुपाटणं कपाटात ठेवलं. मिरचीची खमंग फोडणी, पुऱ्या-भजी तळणं त्या सकाळी नको. केर काढताना कोरडा झाडू न मारता ओल्या फडक्यानं पुसा, नाहीतर बसलेली राख पुन्हा उडते.

एक धोका स्पष्ट सांगते. खिडक्या लावल्यात म्हणून बाथरूमची खिडकी बंद करून गॅस गिझर लावू नका. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड कोंडला तर जीव जातो. त्याला वासही नसतो आणि रंगही नसतो. थंडीत किंवा उन्हाळ्यात, कधीच नाही.

हवा शुद्ध करणारं यंत्र घेणार असाल तर त्यात हेपा गाळणी (बारीक कण अडवणारी) हवी, आणि खोक्यावरचा सीएडीआर हा आकडा बघा, म्हणजे यंत्र तासाला किती स्वच्छ हवा देतं ते. दहा बाय बारा फुटांची, दहा फूट उंच खोली म्हणजे सुमारे ३४ घनमीटर हवा. ती तासाला पाच वेळा गाळली जावी असं धरलं तर किमान १७० घनमीटर प्रतितास एवढं यंत्र हवं. ओझोन सोडणारी यंत्रं घेऊ नका, ओझोन स्वतःच फुफ्फुसांना टोचतो.

आणि उकाड्याचं काय? मार्चच्या रात्री बंद खोली सोसवते, मेच्या रात्री नाही. म्हाताऱ्या माणसाला उष्णतेचा त्रासही तेवढाच घातक. खोली फार तापली आणि गार करायचं साधन नसेल, तर धूर अजून खाली आलेला नसताना, साधारण रात्री दहापर्यंत, खिडक्या उघड्या ठेवून खोली गार करून घ्या आणि मग लावा. तरीही कुणाला गरगरायला लागलं, घाम थांबला, तर धुराचा विचार सोडून आधी त्या माणसाला गार करा.

पाचवं काम: मास्क

थोडक्यात सांगते. रुमाल, ओढणी, ओला पंचा यांनी बारीक कण थांबत नाहीत. कापडी आणि शस्त्रक्रियेचे निळे मास्क बाजूनं हवा घेतात. एन९५ मास्क नीट बसवला तर ०.३ मायक्रोमीटरचे किमान ९५ टक्के कण अडवतो. डोक्यामागून जाणाऱ्या दोन पट्ट्यांचा मास्क कानात अडकवायच्या मास्कपेक्षा घट्ट बसतो. दाढीवर तो बसत नाही, आणि लहान मुलांच्या चेहऱ्यालाही नाही, म्हणून मुलांना त्या सकाळी आतच ठेवा. धुवू नका, धुतला की त्याची ताकद जाते. श्वास घ्यायला जड वाटू लागलं, आतून काळा झाला की टाकून द्या. वायू मात्र तो अडवत नाही, त्यामुळं मास्क घालून आगीजवळ जाऊ नका.

दूधवाले, पेपर टाकणारी मुलं, झाडलोट करणारे सफाई कामगार पहाटेच बाहेर असतात. त्यांना आत बसा म्हणणं शक्य नाही. घरात दोन जादा मास्क ठेवा आणि दार उघडल्यावर हातात द्या.

घरात आजारी माणूस असेल तर

हंगाम सुरू होण्याआधी, जानेवारीतच, डॉक्टरांकडं जाऊन या. दम्याचा किंवा फुफ्फुसाच्या जुनाट आजाराचा रुग्ण असेल तर रोजचा पंप कुठला आणि दम लागल्यावर लगेच घ्यायचा कुठला, किती वेळा, हे कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजवर लावा. पहिल्या वर्षी आमच्याकडं दोन्ही पंप होते, पण कुठला कधी घ्यायचा ते आबांनाच ठाऊक होतं आणि त्यांना बोलता येत नव्हतं. मी घाबरून चुकीचा दिला. आता निळ्या पंपावर मोठ्या अक्षरांत ‘दम लागला तर’ अशी पट्टी आहे. स्पेसर (पंपाला जोडायची पोकळ नळी) वापरायचा सराव आधीच करून ठेवा. पंपाच्या तारखा आणि उरलेले फवारे तपासा.

डोळे चुरचुरणं, घसा खवखवणं, कोरडा खोकला, डोकं दुखणं हे धड माणसालाही होतं आणि हवा सुधारली की जातं. गुळाचा खडा खाल्ला की घशाला बरं वाटतं, पण फुफ्फुसात गेलेले कण त्यानं किंवा वाफेनं निघत नाहीत. पाणी पीत राहा. मात्र छातीत घरघर, एक वाक्य पुरं बोलता न येणं, ओठ निळसर होणं, छातीत दाब, गोंधळल्यासारखं वागणं, यातलं काही दिसलं तर थांबू नका, १०८ ला फोन करा. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर घरात असेल तर आजारी माणसाचा नेहमीचा आकडा लिहून ठेवा, म्हणजे त्यापेक्षा तीन-चारनं खाली गेला तर कळतं. पण जो माणूस प्रत्यक्ष आगीच्या धुरात सापडला होता त्याच्या बाबतीत त्या यंत्रावर विश्वास ठेवू नका. रक्तातला कार्बन मोनॉक्साइडही त्याला ऑक्सिजनसारखाच दिसतो.

गरोदर बाईला काही त्रास जाणवत नसला तरी तिला स्वच्छ खोलीत झोपवा. वणव्याच्या धुराचा संबंध वेळेआधी होणाऱ्या बाळंतपणाशी आणि बाळाच्या कमी वजनाशी आढळला आहे. लहान मुलं वजनाच्या मानानं मोठ्यांपेक्षा जास्त हवा घेतात, आणि ती पळतात. शाळेचं मैदान सकाळी सातला भरतं. धुराच्या दिवशी कवायत वर्गात घ्यावी असं मुख्याध्यापकांना सांगायला संकोचू नका. आमच्या मुलांच्या शाळेत पहिल्यांदा विचारलं तेव्हा हसण्यावारी नेलं होतं. दुसऱ्या वर्षी चार पालक मिळून गेलो आणि मैदानाची वेळ त्या दिवसापुरती दहाची झाली.

फिरायला जाणाऱ्यांनीही तेच करावं. रात्री जाळ दिसला तर सकाळचं फिरणं संध्याकाळवर ढकला. भराभर चालताना आपण बसल्या जागेपेक्षा कितीतरी जास्त हवा ओढतो, आणि तीही तोंडानं.

धूर उचलल्यावर

साडेनऊ-दहाला लांबचा डोंगर पुन्हा स्पष्ट दिसू लागला की सगळी दारं-खिडक्या उघडा आणि घर तासभर वाहू द्या. रात्रभर आत शिरलेला धूर बाहेर काढायला हेच सर्वात चांगलं साधन. लोक नेमकं उलटं करतात, रात्री उघडं आणि दिवसा ऊन नको म्हणून बंद, आणि धूर घरातच राहतो.

गच्चीवरची पाण्याची टाकी झाकलेली आहे का बघा. मार्च-एप्रिल म्हणजे वाळवणाचे दिवस. पापड, कुरडया, सांडगे रात्री गच्चीवर राहिले असतील आणि राख पडली असेल तर वरून झटकून भागत नाही, तेवढं टाकून द्यावं लागतं. आम्ही आता रोज संध्याकाळी वाळवण आत आणतो. जाळ्या आणि पंख्याची पाती ओल्या फडक्यानं पुसा. यंत्राची गाळणी करडी झाली असेल तर बदला.

आबा आता ब्याऐंशी वर्षांचे आहेत. फेब्रुवारी लागला की रात्रीच्या जेवणानंतर ते काठी टेकत गच्चीच्या दारापर्यंत जातात आणि यवतेश्वराकडं बघतात. परतताना मला हाक मारतात, “सूनबाई, आज अंधार आहे गं,” आणि मी खिडक्या उघड्या ठेवते.